टक्क्यानंतरची ओळ

माझा प्रबंध कल्याणच्या प्राचीन व्यापाराविषयी होता. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचे उल्लेख येतात, तिथून त्याची सुरुवात. म्हणजे मराठी मजकूर, मधेमधे प्राकृत लेखांचे रोमन लिप्यंतर आणि पानापानाला तळटिपा. डोंबिवलीत घरी बसून चार वर्षे मी तो नेहमीच्या वर्ड प्रोसेसरमध्ये टंकला. प्रकरणाचे नाव ठळक करायचे, नवे पान हवे तर एंटर दाबत राहायचे, अनुक्रमणिका हाताने लिहायची.

छपाईसाठी फाइल ठाण्यातल्या एका दुकानात नेली. तिथल्या संगणकावर माझा फॉन्ट नव्हता. त्याच्या जागी दुसरा आला, ओळी लांबल्या आणि तिसऱ्या प्रकरणापासून पुढे सगळी पाने दोनने सरकली. बांधणी झाल्यावर ते ध्यानात आले. अनुक्रमणिका चुकलेली, ‘पाहा पृ. १४३’ अशा नोंदी चुकलेल्या. पाचही प्रती पुन्हा छापल्या. पीडीएफ नेली असती तर तो दिवस टळला असता, पण आकडे हाताने घालण्याचा मूळ दोष तसाच राहिला असता.

प्रबंधाचे पुस्तक करायचे ठरले तेव्हा मी लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीकडे वळले. त्याच्या मुळाशी असलेली टेक ही प्रणाली डोनाल्ड कनुथ या गणितज्ञ-संगणकशास्त्रज्ञाने बांधायला घेतली ती अशाच वैतागातून. १९७७मध्ये स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून त्याला ती इतकी निकृष्ट वाटली, की लेखन बाजूला ठेवून तो अक्षरजुळणीच्या मागे लागला. पुढे लेस्ली लॅम्पोर्टने तिच्यावर लाटेक रचले. दोन्ही विनामूल्य आणि मुक्त. इथे मजकूर साध्या फाइलीत लिहायचा आणि फक्त सांगायचे, की हे प्रकरण, ही तळटीप, हा त्या पानाचा संदर्भ. आकडे प्रणाली घालते. ओळ कुठे तोडायची हेही ती एकेका ओळीपुरते न पाहता अख्खा परिच्छेद डोळ्यांसमोर ठेवून ठरवते.

मी जुनी फाइल उचलून तिच्यात ओतली, आणि इथेच घसरले.

पहिल्या दिवशी देवनागरी उमटेचना. नवख्यांसाठीच्या बहुतेक इंग्रजी धड्यांत पीडीएफलाटेक वापरतात. मराठीसाठी झीलाटेक किंवा लुआलाटेक घ्यावे लागते, सोबत पॉलिग्लॉसिया हे पॅकेज आणि नीट युनिकोड फॉन्ट. आयआयटी मुंबईत तयार झालेला ‘शोभिका’ मला मानवला, कारण त्यात देवनागरी आणि लिप्यंतराची रोमन चिन्हे दोन्ही आहेत. दुसरे दुखणे जुन्या टिपणांचे. ती युनिकोडपूर्व फॉन्टमधली होती, आणि रूपांतरात ‘दऱ्या’चे ‘दर्या’ झाले, ‘सुऱ्या’चे ‘सुर्या’. मराठीचा हा अर्धा ऱ वेगळा टंकावा लागतो. कुठलीही प्रणाली तो ओळखून देत नाही. डोळ्यांत तेल घालून आपणच शोधायचा.

पण खरा घाव टक्क्याच्या चिन्हाने घातला. डोंबिवलीहून ठाण्याला जाताना लोकलमध्ये मी मुद्रिते वाचत होते. दिव्याच्या पुढे गाडी थांबली होती. चौथ्या प्रकरणातला एक परिच्छेद आकड्यावर येऊन अचानक संपला होता. पुढची सहा वाक्ये नाहीत. लाटेकमध्ये ते चिन्ह म्हणजे ‘इथून ओळ संपेपर्यंत वाचू नकोस’ अशी सूचना असते. वर्ड प्रोसेसरमधून आणलेला परिच्छेद ही एकच लांब ओळ, म्हणून चिन्हापुढचे सगळे गेले. चूक झाल्याचा इशाराही नाही, कारण प्रणालीच्या लेखी चूक झालीच नव्हती. अशा अकरा जागा निघाल्या. ती वाक्ये तशीच छापून गेली असती, या विचाराने आजही पोटात गोळा येतो. चिन्हाआधी उलटी तिरपी रेघ द्या, नाहीतर सरळ ‘टक्के’ असे अक्षरात लिहा.

शिवाय सवय. दिसायला मोकळे हवे म्हणून मी ओळीओळीत हाताने जागा सोडत होते. नव्या प्रणालीत जुनीच कामे! ती सगळी काढल्यावर पाने आपोआप सुधारली.

म्हणून ज्यांचा प्रबंध महिन्याभरात जमा व्हायचा आहे, त्यांनी आत्ता लाटेकला हात लावू नये. लिब्रेऑफिस रायटर या वर्ड प्रोसेसरमध्ये शीर्षकांना शैली लावा, अनुक्रमणिका आणि पृष्ठसंदर्भ त्याच्याकडूनच करून घ्या. निम्मा त्रास तिथेच जातो. सोसायटीची सूचना, लग्नपत्रिका, एकपानी अर्ज यांसाठी तर लाटेक नकोच. हाताशी वेळ असेल तर आधी दहा पानांचा लेख त्यात करून पाहा. आज्ञा पाहून बिचकायला होत असेल तर लिक्स घ्या, त्यात मेन्यूतून काम होते. मराठीतली ‘लाटेक-एमआर’ ही मार्गदर्शिका सीटॅन या लाटेकच्या भांडारात फुकट मिळते. मी ती उशिरा उघडली, तुम्ही आधी उघडा.

आणि जुनी फाइल आणणारच असाल, तर पहिल्यांदा तिच्यात टक्क्याचे चिन्ह शोधा. मगच पुढचे.