एक अंकही चुकू नये : विद्यार्थी-यादी आणि मॅक्रो

पोखर्णीसारख्या गावच्या निवासी शाळेत जनरल रजिस्टरच्या जोडीला एक्सेलमधील यादीही आवश्यक ठरते. तिच्यात एक अंक चुकला तरी शेतमजुराच्या लेकराची शिष्यवृत्ती अडू शकते.

एक्सेल 15 अंकांपर्यंतच संख्या अचूक जपते. सरल प्रणालीतील 19 अंकी विद्यार्थी-क्रमांक साध्या कप्प्यात लिहिल्यास शेवटचे 4 अंक शून्य होतात. बँक खातेक्रमांकाच्या आरंभीची शून्येही गळतात. ‘वर्कशीट चेंज’ हा मॅक्रो नोंद पूर्ण झाल्यावरच चालतो. गेलेले अंक त्याला परत आणता येत नाहीत. म्हणून तो स्तंभ आधीच ‘टेक्स्ट’ स्वरूपात ठेवावा.

मग मॅक्रोने अंक मोजावेत आणि ते 19 नसल्यास ‘ॲप्लिकेशन अनडू’ या आज्ञेने नोंद मागे घ्यावी. या आज्ञेपूर्वी ‘एनेबल इव्हेंट्स’ बंद करावे व नंतर पुन्हा सुरू करावे. अन्यथा मॅक्रो स्वतःलाच पुन्हा चालवू लागतो. फाइल ‘एक्सएलएसएम’ प्रकारात जतन करावी.

तथापि अंक 19 भरले, तरी ते त्याच विद्यार्थ्याचे आहेत की नाहीत, हे मॅक्रोला कळत नाही. त्यासाठी मूळ नोंद समोर ठेवून एकाने वाचावे व दुसऱ्याने पडताळावे. संगणक जाणणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी या कामी हातभार लावावा, अशी आमची अपेक्षा आहे.