मिश्र मत्स्यपेटीत एंजलफिशची पैदास
ॲमेझॉन खोऱ्यातील एंजलफिश घरगुती मत्स्यपेटीतही जोडी जमवितो. नर-मादी बाह्यरूपावरून सहसा ओळखता येत नसल्याने पाच-सहा पिले एकत्र वाढवावीत. मादी रुंद पानावर किंवा उभ्या पाटीवर शेकडो अंडी घालते. दोघेही त्यांची राखण करतात. तथापि मिश्र पेटीतील इतर मासे संधी मिळताच अंडी फस्त करतात. यास्तव अंड्यांसह पाटी त्याच पाण्याच्या स्वतंत्र टाकीत हलवावी, मंद हवा सोडावी आणि तापमान २७ ते २८ अंश सेल्सिअस राखावे. पांढरी पडलेली अंडी काढून टाकावीत. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात. सुमारे आठवडाभरात पिले पोहू लागताच आर्टेमियाची नवजात पिले खाऊ घालावीत. जास्तीचे मासे मात्र विहिरीत वा ओढ्यात कदापि सोडू नयेत. स्थानिक जलचरांना त्यामुळे धोका संभवतो.