दुकानाचं काम: वेगवेगळे कारागीर लावायचे की एकच कॉन्ट्रॅक्टर?



गाळा भाड्याने घेतला, चावी हातात आली, की पहिला प्रश्न हाच पडतो. गवंडी, प्लंबर, वायरमन, सुतार, पेंटर असे वेगवेगळे कारागीर लावायचे की सगळं काम एका कॉन्ट्रॅक्टरला द्यायचं? बरेच जण दोन्ही कोटेशनं शेजारी ठेवतात, कमी आकडा बघतात आणि मोकळे होतात. इथेच गडबड होते.

कॉन्ट्रॅक्टर जास्त पैसे कशाचे घेतो?

माल आणि मजुरीच्या वर तो आपला नफा लावतो, हे खरंच. पण कोणी कधी यायचं, माल कधी मागवायचा, चूक झाली तर कोणी निस्तरायची, ही डोकेदुखी तो त्या पैशात घेतो. तुम्ही वेगवेगळे कारागीर लावलेत, की ही डोकेदुखी संपत नाही, ती तुमच्याकडे येते. म्हणजे कॉन्ट्रॅक्टर तुम्हीच झालात, आणि तेही बिनपगारी!

क्रम चुकला की खिसा फाटला

कामाचा साधारण क्रम असा: तोडफोड, बांधकाम, भिंतीत झिऱ्या मारून पाईप आणि वायरिंग, पाईप गळतात का याची तपासणी, प्लास्टर, टाइल्स, सुतारकाम, रंग आणि शेवटी नळ-दिवे.

समजा, तुम्ही केक शॉप काढताय. टाइल्स बसल्या आणि मग लक्षात आलं, ओव्हनसाठी वेगळा 16 अँपिअरचा पॉइंट राहिलाच! आता फोडा टाइल्स. वायरमन म्हणतो, "मला कोणी सांगितलंच नाही." गवंडी म्हणतो, "माझं काम तर बरोबर होतं." दोघांचंही खरं. मग भुर्दंड कोणाला? तुम्हाला.

आता हिशोब करू

उदाहरणासाठी आकडे घेऊ. वेगवेगळे कारागीर 4,00,000 रुपये, कॉन्ट्रॅक्टर 4,60,000. वाचले 60,000. पण काम एक महिना लांबलं तर?

- गाळ्याचं भाडं: 18,000
- आधीच कामावर घेतलेल्या मदतनीसाचा पगार: 12,000
- दुकान सुरू असतं तर खर्च जाऊन उरले असते: 30,000

एकूण 60,000. झाली की वाचवलेली रक्कम साफ! काम वेळेत संपलं तर मात्र ते 60,000 खरोखर तुमचे. म्हणून प्रश्न "स्वस्त काय?" हा नाही. "साइटवर रोज उभं कोण राहणार?" हा आहे.

मग ठरवायचं कसं?

- फक्त रंग आणि थोडं वायरिंग, अशी एक-दोन कामं असतील तर थेट कारागीर लावा.
- चार-पाच प्रकारची कामं एकमेकांत अडकलेली असतील आणि तुम्ही नोकरी सांभाळून हे करत असाल, तर कॉन्ट्रॅक्टर बरा.
- मधला मार्ग: टाइल्स, वायर, नळ असा माल तुम्ही आणा आणि कॉन्ट्रॅक्टरला फक्त मजुरीवर काम द्या. मालाचा दर्जा तुमच्या हातात राहतो आणि माणसं तो सांभाळतो. फक्त माल वेळेवर पोचवण्याची जबाबदारी तुमची.

कोणालाही काम दिलंत तरी लेखी घ्या

कामांची यादी, मालाचा ब्रँड, संपवण्याची तारीख आणि जादा कामाचा दर. पैसे तारखेवर नाही, कामाच्या टप्प्यावर द्या. शेवटचा हप्ता सगळे नळ, बटणं, शटर स्वतः चालवून बघेपर्यंत हातात ठेवा. ओळखीचा माणूस असला तर लेखी नक्कीच घ्या, कारण तिथे पैशाबरोबर नातंही पणाला लागतं.

आजचा गृहपाठ: तुमचं दुकान एक दिवस उशिरा उघडलं तर किती रुपये जातात? तो आकडा वहीत लिहा. मगच कोटेशनं उघडा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!