चंदराचा कबुलीजबाब

रवींद्रनाथ ठाकूर यांची ‘शास्ति’ ही कथा १८९३ सालची. जमीनदाराच्या कचेरीत दिवसभर राबून उपाशी परतलेला दुखीराम भात मागतो आणि पत्नीच्या खोचक उत्तराने संतापून तिचा जीव घेतो. भावाला वाचविण्यासाठी धाकटा छिदाम खुनाचा आळ स्वतःच्या पत्नीवर, चंदरावर, घालतो. बायको दुसरी मिळेल, भाऊ मिळणार नाही, हा त्याचा हिशेब! सुटकेसाठी खोटा जबाबही तो तिला पढवितो. चंदरा मात्र खून सरळ कबूल करते. पतीने देऊ केलेली सुटका नाकारण्याचा तेवढाच मार्ग तिच्या हाती उरलेला असतो. पुढे दोघे भाऊ गुन्हा स्वतःवर घेतात. पण ते तिला वाचविण्यासाठीच बोलत आहेत, असे न्यायाधीशांना वाटते. फाशीपूर्वी ती आईची भेट मागते. पतीची भेट एका शब्दात झिडकारते.