स्वतःची वाटी आधी भर

अगं, प्रोटीन पावडरच्या डब्यात पैसे घालण्याआधी माझं जरा ऐक. व्यायाम सुरू केलास, बरं झालं. मंगळवार पेठेत वाढलेल्यांना तालमी काही नव्या नाहीत. पण खुराक म्हणजे पोरांचा, हे जे आपण ऐकत आलो ना, ते आधी डोक्यातून काढून टाक.

तुझं जेवण मी बघते की. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी भाकरी-ठेचा, रात्री सगळ्यांना वाढून झालं की भात आणि उरलीसुरली पातळ आमटी. पोट भरतं, पण लायसिन कमी पडतं. जी नऊ अमिनो आम्लं शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, त्यातलं हे एक. ज्वारी, गहू, तांदूळ, तिन्हीत ते कमीच. ते कमी पडलं, की बाकीची आम्लं असूनही नवं प्रथिन पुरेसं बनत नाही. मग स्नायू कशातून भरायचे? हाडं, कातडी, जखम भरणं, सगळ्याला ते लागतं.

हिशेब बघ. मोठ्या माणसाला किलोमागे रोज साधारण 30 मिलिग्रॅम, म्हणजे 50 किलो वजनाला दीड ग्रॅम. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठाच्या भाकरीतून जेमतेम पाव ग्रॅम येतं. तेच 30 ग्रॅम मसूर शिजवलास, तर अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. पेलाभर दुधातूनही जवळपास तेवढंच. 1889 मध्ये लायसिन पहिल्यांदा वेगळं काढलं, तेही दुधातल्या केसीनमधूनच. डाळीत मेथिओनिन हे त्या नऊतलंच दुसरं आम्ल कमी असतं, ते धान्य भरून काढतं. म्हणून अख्खा मसूर-भाकरी किंवा झुणका-भाकर ही जोडी मोडू नकोस. अंडी, मटण खात असशील तर उत्तमच.

मिसळ खाताना नुसता कट ओरपू नकोस, तळातली मटकी खा. आणि टोस्टवर भागवू नकोस. पाव पुन्हा भाजून तपकिरी होतो, तेव्हा त्यातलं लायसिन साखरेशी बांधलं जातं आणि आहे तेही थोडं वाया जातं. दूध नेहमीसारखं उकळून घे, त्यानं फारसं बिघडत नाही.

मूत्रपिंडाचं काही दुखणं असेल, तर मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचार.

आज रात्रीपासून आमटी तळातून ढवळून वाढ आणि स्वतःची घट्ट वाटी आधी काढून ठेव. कुणी काही बोललं, तर ताईनं सांगितलंय म्हण.