मंद झालेला लॅपटॉप : निदान आणि उपचार

संगणक हा आता केवळ विज्ञान शाखेचा विषय राहिलेला नाही. लघुप्रबंधाचे टंकलेखन असो वा शोधगंगेवरील प्रबंधांचे वाचन, कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही त्याच्यावाचून गत्यंतर नाही. मात्र आपल्यापैकी अनेकांच्या वाट्याला येतो तो थोरल्या भावंडाने वापरून झालेला लॅपटॉप. तो मंद चालू लागला की दोन सल्ले हमखास मिळतात : ‘नवा घ्या’ किंवा ‘फॉरमॅट मारा’. पहिला खिशाला परवडत नाही. दुसऱ्याने चार दिवस बरे वाटते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दोन्हींत उणीव एकच : निदानाआधीच औषध दिले जाते. हे निदान कसे करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात माझ्याच लॅपटॉपच्या उदाहरणाने करावयाचा आहे.

यंत्र मंद का होते?

आपल्या ग्रंथालयाचा दृष्टान्त घेऊ. प्रोसेसर हा वाचक, रॅम हे त्याच्या पुढ्यातील टेबल आणि हार्ड डिस्क म्हणजे आतील कपाटे. वाचक कितीही तल्लख असला, तरी टेबल लहान असेल तर एक ग्रंथ ठेवण्यासाठी दुसरा परत पाठवावा लागतो. आणि ग्रंथ आणणारा शिपाई संथ असेल तर वाचकाचा सारा वेळ वाट पाहण्यातच जातो.

जुन्या लॅपटॉपमधील डिस्कची तबकडी बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते. हवी ती नोंद समोर येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे साडेपाच मिलिसेकंद लागतात. वाचणारा दांडा जागेवर सरकण्याचा काळ मिळवला, तर हा वेळ पंधरा मिलिसेकंदांच्या वर जातो. यंत्र सुरू होताना अशा विखुरलेल्या हजारो नोंदी वाचाव्या लागतात. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो; तिथे हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास होते.

आणखी एक कारण उष्णतेचे. पंख्यात धूळ साचली की प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून आपला वेग स्वतःच कमी करतो. असे असेल तर सफाई हाच उपाय.

तपासणी

माझ्या लॅपटॉपमध्ये २०१५ सालचा आय३-५००५यू प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५४०० फेऱ्यांची डिस्क होती. एका दुकानदाराने ‘प्रोसेसर जुना झाला, यात अर्थ नाही’ असा निकाल दिला होता. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबल्यावर उघडणाऱ्या टास्क मॅनेजरने मात्र निराळेच सांगितले. यंत्र सुरू झाल्यावर कितीतरी वेळ डिस्क शंभर टक्के व्यग्र होती. प्रोसेसर तीस टक्क्यांच्याही खाली होता. ब्राउझरमध्ये सात-आठ पाने आणि एक दस्तऐवज उघडताच रॅम नव्वद टक्क्यांच्या पुढे गेली. तात्पर्य, वाचक रिकामा बसला होता. दोष शिपायाचा आणि काही अंशी टेबलाचा होता.

निर्णय

हाती शिष्यवृत्तीचे थोडे पैसे आणि तोंडावर लघुप्रबंधाची मुदत, त्यामुळे क्रम ठरविणे अगत्याचे होते.

(१) प्रथम सर्व लेखनाची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली. जुनी डिस्क सूचना देऊन बंद पडत नाही.

(२) पहिला खर्च एसएसडीवर केला. माझ्या यंत्रात फक्त साटा जोडणी आहे. तिची मर्यादा सेकंदाला ६ गिगाबिट. त्यामुळे महागडी, अतिवेगवान एसएसडी घेण्यात काहीच हशील नव्हते. साधी अडीच इंची पुरली.

(३) नंतर मोकळ्या खाचेत ४ जीबी रॅम वाढविली. माझ्या यंत्राला डीडीआर३एल लागते. डीडीआर४ त्यात बसत नाही. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम पक्की डाखलेली असते, तेव्हा आधी खात्री करावी.

(४) प्रोसेसर डाखलेलाच असल्याने तो विषय सोडून दिला.

(५) विंडोज १० चा नेहमीचा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या मान्य यादीत माझा प्रोसेसर नाही. म्हणून लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घातली. त्यात युनिकोड मराठी लिहिता येते. मात्र श्रीलिपीसारख्या विंडोजवरील साधनांवर ज्यांचे काम अवलंबून आहे, त्यांनी हे पाऊल विचारपूर्वक टाकावे.

परिणाम असा की, कामाला लागण्यास पूर्वी चार-पाच मिनिटे घेणारे यंत्र आता अर्ध्या मिनिटात सज्ज होते. नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या मानाने खर्च अल्पच झाला.

निष्कर्ष

हा उपचार सर्वांनाच लागू पडेल असे नाही. नेहमीच्या कामातही प्रोसेसरच सतत शंभर टक्के व्यग्र असेल, किंवा मदरबोर्ड बिघडला असेल, तर पैसे जपून नव्याचाच विचार करावा. बॅटरी फुगली असेल तर वापर तत्काळ थांबवून ती जाणकाराकडून काढून घ्यावी. परंतु नवे घेणे असो वा जुने सुधारणे, त्यापूर्वी पाच मिनिटे ते आकडे पाहावेत. तपासणीला पैसा पडत नाही; अंदाजाला मात्र पुष्कळदा पडतो.