रानपिंगळा मोजायचा कसा?

कळसाडीच्या उत्तरेला सातपुडा आहे. त्याच सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना एक घुबड दिसलं. तोच रानपिंगळा! १८८४ नंतर त्याची खात्रीशीर नोंदच नव्हती. जगातल्या संग्रहालयांत मिळून नमुने फक्त सात.

मधल्या काळात शोध झालाच नाही असं नाही. पण १९१४ सालचा म्हणून एक नमुना होता, त्याच्या चिठ्ठीवर गुजरातमधल्या मांडवीचं नाव. ती चिठ्ठीच खोटी निघाली. माइनर्ट्झहागेन यांनी जुना नमुना चोरून त्यावर नवं ठिकाण आणि नवी तारीख चिकटवली होती. एका खोट्या रीडिंगवर अख्खा ग्राफ काढला की काय होतं, हे आपल्याला लॅबमध्ये चांगलंच ठाऊक आहे.

आता मोजणीकडे वळू. इथलं जंगल सागाचं, वनखात्याने कक्षांत विभागलेलं. कुठे तोड झालेली, कुठे नवी लागवड, मध्येच शेताचे तुकडे. म्हणून रस्त्याकडेला सोयीच्या जागी उभं राहून चालत नाही. प्रत्येक प्रकारच्या कक्षातले बिंदू नकाशावर आधीच ठरवायचे, प्रत्येक ठिकाणी सारखीच मिनिटं थांबायचं. हा पिंगळा दिवसाही वावरतो, त्यामुळे सकाळची वेळ चांगली. साध्या पिंगळ्याशी गल्लत मात्र सहज होते. साध्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके उठून दिसतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्याचं. शेपटीवरचे पट्टे रुंद.

पक्षी दिसला नाही, म्हणजे तो नाहीच का? समजा, असलेला पक्षी एका फेरीत सापडण्याची शक्यता ०.४ आहे. तीन फेऱ्यांत तो निसटण्याची शक्यता ०.६ × ०.६ × ०.६, म्हणजे सुमारे २२ टक्के. पाच फेऱ्यांत ती ८ टक्क्यांवर येते. (फेऱ्या एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या तर, हं! सगळ्या फेऱ्या वाऱ्याच्याच दिवशी केल्या तर हे गणित कोलमडतं.) म्हणून रिकाम्या फेरीचीही वेळ, ठिकाण, हवा लिहायचीच.

विणीची पाहणी असेल तर नुसती डोकी मोजून भागत नाही. हा पक्षी घरटं बांधत नाही, झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. वाकडं, पोकळ, वठलेलं झाड लाकडाच्या हिशोबात बिनकामाचं, त्यामुळे कुऱ्हाड आधी त्याच्यावर. पोपट, साळुंक्यांनाही ढोलीच हवी असते. तेव्हा वहीत पिंगळ्यांइतकाच मोठा रकाना ढोलींना द्यायला हवा: झाड कुठलं, किती जाड, ढोली किती उंचीवर, आत कोण.

आणि एक. पक्ष्याचा आवाज रेकॉर्डवर वाजवला की तो उत्तर देतो, त्यामुळे मोह होतो. पण आपल्या हद्दीत दुसरा घुसला असं समजून तो घरटं सोडून धावत येतो. ढोली सापडली की टेप बंद, आणि लांबूनच दुर्बीण.